कळी धरलेल्या कुंडीला हात लावू नये

लिफ्टवाल्यांच्या घरातली सगळ्यात चांगली खोली म्हणजे पूर्वेची. खिडकीतून सकाळचं ऊन, आतच न्हाणीघर, मध्ये उंबरठा नाही, रस्त्याचा गोंगाट नाही. अशी खोली घरातल्या आजारी माणसाला देतात, नाहीतर परीक्षेला बसलेल्या पोराला देतात, नाहीतर कर्ता माणूस स्वतःच ती बळकावून बसतो. इथे ती झाडांची होती. तीही मातीत पाय रोवून गुमान उभ्या राहणाऱ्या साध्यासुध्या झाडांची नव्हे. ही सगळी वरून खाली लोंबणारी खानदानी मंडळी. रानात असती तर एखाद्या थोराड झाडाच्या फांदीवर ठाण मांडून हवेतलं पाणी पीत बसली असती. इथे फांदी नव्हती म्हणून छत होतं, हवेत पाणी नव्हतं म्हणून वाफेचं यंत्र होतं, आणि या सगळ्यांच्या दिमतीला लिफ्टवाले होते.

नोकरी त्यांची लिफ्ट तपासण्याची. दोर झिजला आहे का, दार नीट लागतं का, लिफ्ट मजल्याच्या बरोबरीने थांबते की लोकांना ठेचकाळायला लावते, हे बघत दिवसभर इमारती पालथ्या घालायच्या. या कामातून त्यांना टांगलेल्या कुठल्याही वस्तूबद्दल जिव्हाळा जडला होता, आणि शिवाय जुन्या पोलादी दोराचे तुकडे फुकट मिळत. खोलीच्या छताला त्यांनी ठोकलेले हूक आठ माणसांचं वजन सहज पेलतील, असं ते आल्यागेल्याला सांगत. आलागेला वर बघे, मग खाली बघे, आणि एका माणसाला बसायला कुठे जागा आहे का ते शोधू लागे.

जागा नव्हती. एका भिंतीवर फळीला बांधलेलं, हरणाच्या शिंगांसारखं फुटलेलं नेचं होतं. जणू लिफ्टवाल्यांनीच शिकार केली होती. दुसऱ्या भिंतीजवळ बिनकाट्याचा लोंबता निवडुंग हिरव्या दोऱ्यांचा गुंता होऊन जमिनीपर्यंत आला होता आणि त्याच्यावर पाय पडू नये म्हणून सगळे उड्या मारत जात. आणि खिडकीत, सगळ्यांची महाराणी, होया नावाची वेल. मेणातून कोरल्यासारखे फुलांचे झुबके तिला येतात, असं म्हणत. म्हणत, कारण या घरात ती आल्यापासून तिला नुसती पानं आली होती. तिच्यासाठी लिफ्टवाल्यांनी खास कप्पी बसवली होती. दोर सोडला की कुंडी अलगद खाली येई, ओढला की वर जाई. घरात बायकोसाठी उंच फडताळाला साधी शिडी घ्यायची राहून गेली होती, पण वेलीला स्वतंत्र लिफ्ट होती.

बायको औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट. सकाळभर लोकांच्या चिठ्ठ्या वाचून, दुपारी दुकानातून घरी येऊन, पुन्हा संध्याकाळी जायची. या खोलीबद्दल तिचं मत विचारलं जात नसे, आणि तीही ते न विचारता देत नसे. इतकी वर्षं हा समझोता टिकला होता. तो मोडला तो सासूबाईंच्या खुब्यामुळे.

इथे एक गोष्ट सांगून टाकलेली बरी. घर सासूबाईंचं. मुलीच्या लग्नानंतर जावई इथे राहायला आले ते तात्पुरते, आणि तात्पुरतं राहायला आलेली माणसं राहतात तसे राहिले. काही वर्षांनी सासूबाईंची बहीण अंथरुणाला खिळली, तेव्हा त्या तिच्याकडे गेल्या. बहीण गेली, मागोमाग त्या स्वतःच पडल्या, खुबा मोडला, ऑपरेशन झालं, आणि वॉकर घेऊन त्या आपल्या घरी परत आल्या. त्या जाताना पूर्वेच्या खोलीत त्यांचा पलंग होता. येऊन बघतात तर पलंगाच्या जागी धुकं.

सासूबाईंनी सारी उमर टेलिफोन ऑफिसात ऑपरेटर म्हणून काढली होती. आवाज कधी चढवायचा नाही आणि पलीकडचा माणूस काय बोलत नाही तेही ऐकायचं, ही त्यांची सवय. त्यांनी दारातूनच आत डोकावून बघितलं.

"छान आहे हो, जावईबापू. ही परजीवी झाडं का?"

"लोकांचा हाच गैरसमज आहे, आई," लिफ्टवाले खुलले. या प्रश्नाची ते वाटच बघत असत. "परजीवी मुळीच नाहीत. दुसऱ्याच्या अंगावर राहतात, पण त्याचं काही घेत नाहीत. नुसती राहतात."

"नुसती राहतात."

"हो. नुसती."

"आणि आपण दुसऱ्याच्या अंगावर आहोत, हे त्यांना कळतं का?"

लिफ्टवाल्यांनी प्रश्नाचा मनापासून विचार केला. "त्याबद्दल अजून फारसं संशोधन झालेलं नाही," ते म्हणाले. बायकोने कपाळाला हात लावला.

पलंग खिडकीखालीच लागू शकत होता. दुसरीकडे कुठे ठेवायचा म्हटला तर एका बाजूला नेचं, एका बाजूला निवडुंग, मधोमध वाफेचं यंत्र. म्हणजे होया हलवायची, बाकीच्यांनी जरा सरकायचं, की काम झालं. बायकोने तसं ठरवूनही टाकलं होतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं की उंबरठे नकोत, सकाळचं ऊन हवं, आणि आजींना जितकं एकट्याने उठता-बसता येईल तितकं चांगलं. सगळं त्या खोलीत होतं. आणि नेमकं त्याच आठवड्यात होयाने कळी धरली.

आता हे काय प्रकरण आहे, ते ज्याच्या घरात होया नाही त्याला कळणार नाही. कळी धरली की कुंडी हलवायची नाही. उचलायची नाही, फिरवायची नाही, तिच्या अंगावर वारा येऊ द्यायचा नाही. उजेडाची दिशा बदलली की राणीसाहेब रुसतात आणि कळ्या गाळतात. लिफ्टवाल्यांचा फोनवर एक ग्रुप होता, 'लोंबते सोबती' नावाचा. तिथल्या जाणकारांनी एकमुखाने बजावलं की हात लावाल तर पस्तावाल. एकाने तर आपल्या होयाला कळ्या असताना घराचं रंगकाम थांबवल्याचं कळवलं, आणि बाकीच्यांनी त्याला टाळ्या पाठवल्या.

"अहो, आईला खोली लागते," बायको म्हणाली.

"मी कुठे नाही म्हणतोय? फुलं येऊन जाऊ देत. मग खोली काय, अख्खं घर त्यांचं."

"ते आत्ताही तिचंच आहे."

"तू प्रत्येक गोष्ट वेड्यावाकड्या अर्थाने घेतेस."

सासूबाईंची सोय बाहेरच्या खोलीत दिवाणावर झाली. मध्ये पडदा लावला. बाहेरच्या न्हाणीघराला चांगला वीतभर उंबरठा होता, त्यावरून वॉकर उचलून ठेवायचा आणि मग स्वतःला उचलून ठेवायचं. तेव्हा लिफ्टवाल्यांनी मन मोठं केलं. आतलं न्हाणीघर वापरायला त्यांनी परवानगी दिली. गरम पाण्याची वाफ झाडांना मानवते, म्हणून अंघोळ करताना दार थोडं उघडं ठेवायची विनंतीही केली. सासूबाई म्हणाल्या, या वयात कुणाच्या तरी उपयोगी पडतेय, हे काय कमी आहे.

लिफ्टवाले दुष्ट होते असं कुणी समजू नये. दुष्ट माणसाला निदान आपण काय करतोय ते ठाऊक असतं. यांना खरंच वाटत होतं की आपण फार थोडं मागतोय. जन्मभर त्यांनी अशी वस्तू तपासली होती जिच्यात लोक पाठ करून उभे राहतात, आणि बंद पडल्याशिवाय तिची कुणाला आठवण होत नाही. आपल्या हातून काहीतरी असं व्हावं की लोकांनी थांबून बघावं, ही एवढीच त्यांची हौस होती. रोज संध्याकाळी घरी आले की चपला काढायच्या आधी ते खोलीत शिरत आणि कळ्यांसमोर श्वास रोखून उभे राहत. पडद्यापलीकडे सासूबाई खाकरत. तेव्हा त्यांच्या लक्षात येई की घरात माणसं आहेत.

मग एक दिवस खिडकीखाली त्यांना एक कळी पडलेली दिसली.

मुगाएवढी कळी. पण लिफ्टवाल्यांचा चेहरा असा उतरला की बायकोला वाटलं कामावर कुणाचा अपघात झाला. त्यांनी ती तळहातावर घेऊन तिचा फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला. ग्रुपने शोक व्यक्त केला आणि मग निदान केलं की खोलीत वावर होतोय. वावर बंद करा.

"तुम्ही माझ्या मागे त्या खोलीत जाता का?" त्यांनी विचारलं.

बायको आणि सासूबाई यांनी एकमेकींकडे बघितलं.

"आई अंघोळीला जाते," बायको म्हणाली.

"त्याशिवाय?"

"त्याशिवाय काय करणार? तिथे माणसाला काही करायला जागा आहे का?"

दुसऱ्या दिवशी लिफ्टवाल्यांनी खोलीला कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकून कामावर गेले. जाताना, थोडेच दिवस, असं समजावून गेले. सासूबाईंना बोलायची गरजच नव्हती, बायको त्या दिवशी दुकानात जायच्या आधीच पुरेसं बोलली होती. "ते कुलूप संध्याकाळी निघालेलं नसेल तर आम्ही निघू," ती म्हणाली, आणि ते तिने इतक्या शांतपणे म्हटलं की लिफ्टवाल्यांना ती धमकी वाटलीच नाही. घरातल्या धमक्या ते आवाजावरून ओळखत.

संध्याकाळी कुलूप निघालं नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशी ते घरी आले तेव्हा दिवाण रिकामा होता, पडदा घडी करून ठेवला होता आणि वॉकर नव्हता. औषधांच्या दुकानामागे मालकाची एक रिकामी खोली होती, तळमजल्यावर. बायकोने तिथे आईला नेलं होतं आणि स्वतःही तिथेच राहिली होती. फोनवर म्हणाली, दुधाचं भांडं घासून ठेवा, वास मारतं.

लिफ्टवाल्यांना वाईट वाटलं. खरंच वाटलं. पण त्या वाईट वाटण्याच्या आत कुठेतरी असंही वाटलं की आता वारा लागणार नाही.

आणि होया फुलली. पहिल्याच झुबक्यात इतकी फुलं की देठ वाकला. सकाळी कुलूप उघडून ते आत गेले आणि बघतच राहिले. बघतच राहिले याचं कारण, त्यांना काही दिसत नव्हतं. फुलांनी उजेडाकडे तोंड केलं होतं. ती सगळीच्या सगळी काचेकडे, बाहेर, रस्त्याच्या दिशेने फुलली होती. खोलीकडे होते ते देठ, पानांच्या मागच्या बाजू, आणि झुबक्याची फिकट गुलाबी पाठ. इतक्या वर्षांची वाफ, पाणी, लाड, कप्पी आणि कुलूप, या सगळ्याच्या बदल्यात होयाने त्यांना पाठ दाखवली होती.

कुंडी फिरवायची सोय नव्हती. फुललेल्या होयाला फिरवलं तर एका दिवसात सडा पडतो, असं ग्रुपमध्ये ठाम मत होतं. त्यांनी काच आणि वेल यांच्या फटीत फोन घालून फोटो काढला. फोटोत एक पाकळी आली आणि त्यामागे त्यांच्या स्वतःच्या नाकपुड्या आल्या. ग्रुप तर समोरून पूर्ण फोटो मागत होता. मग त्यांनी खिडकीतून बाहेर बघितलं. बारक्या रस्त्यापलीकडे समोरची इमारत होती, आणि बरोबर त्यांच्याच मजल्यावर एका बाईचं घरगुती पार्लर.

त्या घराची बेल दाबताना त्यांना संकोच वाटला. पार्लरवालीने दार उघडलं, हातात कात्री तशीच.

"समोर राहतो मी," ते म्हणाले. "तुमच्या खिडकीतून एक फोटो काढायचा होता. आमच्या फुलाचा."

"अहो दादा, या ना. आम्ही म्हणतच होतो, तुम्हाला ते कधी दिसणार म्हणून." आत आरशापुढे केसांना रंग लावून एक बाई बसली होती, तिनेही मान हलवली. "माझी गिऱ्हाइकं खुर्चीत बसली की आधी तिकडेच बघतात. मेणाचंच वाटतं अगदी."

लिफ्टवाले खिडकीशी गेले. आणि दिसलं. रस्त्यापलीकडे, त्यांच्याच घराच्या काचेमागे, गुलाबी ताऱ्यांचा भरगच्च चेंडू लटकत होता, आणि प्रत्येक ताऱ्याच्या मधोमध आणखी एक छोटा, गडद, चकचकीत तारा. त्यांनी फोन वर केला.

"आजी बऱ्या आहेत ना?" पार्लरवालीने मागून विचारलं. "हल्ली दिसत नाहीत."

"बऱ्या आहेत. तुम्हाला कुठे दिसायच्या?"

"इथेच, त्या खिडकीत. रोज."

"आमच्या खिडकीत?"

"मग काय. सकाळी तुम्ही खालून स्कूटर काढून गेलात की वहिनी आत यायच्या. तुम्ही ती भारी लिफ्ट केलीये ना झाडाला, आजींना ऊन लागावं म्हणून तिचा दोर सोडून कुंडी खाली घ्यायच्या. तिथे खुर्ची लावायच्या. मग आजी यायच्या वॉकर घेऊन आणि ऊन असेपर्यंत बसायच्या. मला हात करायच्या. पाय वर-खाली करायचा व्यायाम पण तिथेच. वहिनी दुकानात गेल्या की आजी एकट्याच, आणि वहिनी दुपारी आल्या की सगळं होतं तसं."

लिफ्टवाल्यांनी फोन खाली घेतला.

"रोज?" ते म्हणाले.

"एक दिवस नाही चुकला. कळ्या आल्या तशा आम्ही इथून बघत होतो ना. आज मोठ्या झाल्या, आज रंग आला. मग एकदम तुमच्या खोलीत माणूस दिसेनासा झाला."

म्हणजे कळी धरल्यापासून कुलूप लागेपर्यंत ती कुंडी रोज खाली आली होती, रोज वर गेली होती, आणि तरीही फुलली होती. एवढं सगळं मनात येऊनही लिफ्टवाल्यांच्या तोंडून निघाला तो धंद्यातलाच प्रश्न.

"खाली घेऊन ठेवायच्या कुठे? जमिनीवर वेली दुमडल्या असत्या."

"जमिनीवर कशाला?" पार्लरवाली म्हणाली. "आजींच्या मांडीवर. दोन्ही हातांनी धरून बसायच्या. मी एकदा खुणेने विचारलं, जड होत नाही का? तर त्यांनी अशी खूण केली." तिने कात्रीचा हात ओठांवर ठेवून दाखवला. गप्प. कुणाला सांगू नका.

केसांना रंग लावलेली बाई आरशातून त्यांच्याकडे बघत होती. लिफ्टवाल्यांना एकदम वाटलं की आपण इथून, या खिडकीतून, परक्याच्या घरात डोकावतोय. फुलामागे ती खोली दिसत होती. भिंतीवर शिंगं, खाली हिरवा गुंता, मध्ये कुणी नाही. अशा खोलीला कुलूप लावायची काय गरज होती, असा प्रश्न समोरच्या कुणालाही पडला असता. त्यांना लाज वाटली. इतकी की फोटो काढायचं राहून गेलं.

जिन्यातच त्यांनी बायकोचा नंबर लावला. फोन सासूबाईंनी उचलला.

"बोला, जावईबापू."

"आई, होया फुलली."

"बघितली मी. पार्लरवालीने आत्ताच फोटो पाठवला हिला. छान दिसते हो समोरून."

"आई, मी खोली मोकळी करतो. आजच. होया खाली घेतो, पलंग लावतो तुमचा. फुलं पडली तर पडली."

पलीकडून टेलिफोन ऑफिसातला तोच न चढणारा आवाज आला.

"नको," सासूबाई म्हणाल्या. "इथे मागच्या दारात ऊन येतं सकाळचं. मी खुर्ची बाहेर काढते आणि बसते. तुमची यायची वेळ झाली का, ते बघावं लागत नाही."

"पण घर तुमचं आहे, आई."

"हो. मला माहीत होतं ते."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, निदान समजूत काढता आली असती. लांबून, दुकानाच्या बाजूने असावा, बायकोचा आवाज आला. "कोण आहे गं? काय म्हणतायत?"

"काही नाही," सासूबाई तिला म्हणाल्या. "फूल आलंय म्हणतायत."